मंगळवारचे कावळे

बाजरी सोंगायला आली आणि नेमक्या त्याच आठवड्यात चिकलठाण्याच्या धनगरगल्लीतली माणसं एकामागून एक आडवी पडू लागली. आधी रामकिसन पडला, मग काकासाहेबांचे दोन्ही मुलगे, मग मुंजाबा, आणि मुंजाबाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा भिकन. अंगावरच्या घोंगडीवरून हात ठेवला तरी धग लागावी असा ताप. डोळे नुसते फिरवले तरी खोबणीत कळ जायची. भिकन म्हणजे दोन काखांत दोन मेंढ्या मारून ओढा ओलांडणारा गडी, पण आईच्या खांद्यावर भार टाकून परसात जाऊन आला आणि लाजेनं भिंतीकडं तोंड करून पडला.

म्हाताऱ्यांनी ताप लगेच ओळखला. सोळा वर्षांमागं तो एकदा येऊन गेला होता आणि तेव्हाच त्याला हाडमोड्या असं नाव पडलं होतं.

मुंजाबाच्या बायकोला, सारजाबाईला, कुणी सांगायची गरज नव्हती. सोळा वर्षांमागं मुंजाबा चार वर्षांच्या भिकनला घेऊन मेंढरांमागं डोंगराकडं गेला होता, आणि आठवा महिना म्हणून ती एकटी घरी राहिली होती. हाडमोड्यानं तिला सहा दिवस झोडपलं. सातव्या दिवशी ताप उतरला, पण पोटातलं गेलं. मुंजाबा महिन्यानं आला तेव्हा तिनं त्याला दोन शब्दांत सांगितलं, आणि त्यानं दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. त्यानंतर त्या दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

आता सून बानाबाई आठव्या महिन्यात होती. वैजापूरकडं माहेरी पाठवावी तर गाडी हाकायला घरात उभा पुरुष नव्हता.

सारजाबाईनं सुनेला ताकीद दिली. "त्या दोघांच्या जवळ फिरकायचं नाय. त्यांचं पानी, त्यांची भाकर, समदं मी बघते. तू आपली हितं रांजणाजवळ बस. गार हाय, सावली हाय."

"आन बाजरी?"

"बाजरीला मी हाय."

"येकल्या आत्याबाई? पाच पांड रानातली बाजरी?"

"तुझ्या पोटातलं सांभाळ. ती बाजरी दोन दिस जास्त हुबी ऱ्हायली तर मरत नाय."

असं म्हणून बाई विळा घेऊन निघाली. दिवस उगवायला रानात, ऊन डोक्यावर आलं की घरी येऊन दोघा आजाऱ्यांना पेज पाजायची, की पुन्हा रानात. कणसं खुडून पाटी भरायची, ताटं सोंगून पेंढ्या बांधायच्या, मधेच चिमण्यांचा थवा उतरला की गोफण फिरवायची. पन्नाशीला टेकलेली बाई, कंबर वाकली की सरळ व्हायला वेळ लागे. तिला मदतीला हाक मारावी असं कुणी गल्लीत शिल्लक नव्हतं, आणि असतं तरी तिनं मारली असती असं वाटत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी शहरातून सफाईखात्याचा जमादार आला. मोहियोद्दीन त्याचं नाव. सायकल, खाकी सदरा, हातात एक पळी आणि चिनीमातीची पांढरी थाळी. निजाम सरकारचा माणूस म्हटल्यावर लोक आधी दारं लोटून घेत, पण इथं दार लोटायलाही कुणी उठत नव्हतं. त्यानं उकिरडा पाहिला, नाली पाहिली आणि काही न बोलता पुढं गेला. सारजाबाई नुकतीच रानातून आली होती. तिच्या उंबऱ्याशी येऊन तो म्हणाला, "माय, तुमचा रांजण बघू द्या."

"रांजणात काय बघायचं? काल भरलाय. फडक्यानं गाळून."

"हौ, ते बी खरं. तरी बघू द्या."

तिनं झाकण सरकवलं. त्यानं पळीनं वरवरचं पाणी थाळीत घेतलं आणि थाळी उन्हात धरली. पांढऱ्या थाळीत नखाएवढे बारीक किडे वळवळत होते, वेलांटी घेत वर येत होते आणि खाली जात होते. शेजारची जाऊ साळूबाई मागं येऊन उभी राहिली होती, तिनं तोंडाला पदर लावला. सारजाबाईला भर उन्हात अंगावर कुणी राख फेकल्यासारखं वाटलं. गल्लीत तिच्या रांजणाचं पाणी नावाजलेलं होतं.

"नालीत नाय निघाले. उकिरड्यात नाय निघाले," मोहियोद्दीन म्हणाला. "ह्यांना साफ पानी लागतंय. ह्यांचेच मच्छर होतात. दिवसा चावतात, पायाच्या घोट्याला. त्यांच्या पायावर पांढरे पट्टे असतात. हाडमोड्या तेच फैलावतात. आठ दिवसातून एकदा रांजण रिकामा करा, राखेनं आतून घासा, उन्हात पालथा घाला. बस, दुसरं काय नको."

आतून मुंजाबाचा आवाज आला. तापानं बसलेला, पण जरबेचा. "जमादारसाहेब, आमच्यात रांजण मानूस मेल्यावर पालथा घालत्यात."

"मालूम हाय, बाबा."

"मालूम हाय तर कशाला सांगता? घरात पोटुशी सून. रांजण रिता केला म्हंजी मरणाला आवतन दिलं."

मोहियोद्दीननं कपाळ पुसलं. तो काही वाद घालणारा माणूस नव्हता. चाळीस गावं हिंडून त्याला हेच उत्तर चाळीस तऱ्हांनी मिळालं होतं. "माझ्या घरी औरंगपुऱ्याला हौद हाय," तो म्हणाला. "मी जमादार, आन माझी बायको आबेदा मला तो रिकामा करू देत नव्हती. नहरीचं पानी फेकायचं का म्हनून. आता आठ दिवस झाले, अंथरुणावर हाय. मंग मीच केला रिकामा."

तो थाळीतलं पाणी फेकणार, तेवढ्यात सारजाबाईनं त्याचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात धरायची तिला शरम वाटली नाही, इतकी ती त्या किड्यांकडं पाहत होती.

"तुमच्याकडं बाटली हाय का?"

"हाय. कायकू?"

"ह्ये त्यात वता आन बाटली ठिवून जा. मेंढीच्या जखमंत अळ्या पडल्या की मी बघितलंय. नीट राखल्या तर त्येंच्या माश्या होत्यात. ह्येंचं काय होतंय ते मी माझ्या डोळ्यानं बघते. मंग तुमचं ऐकायचं का नाय ते ठरवीन."

मोहियोद्दीन खुश झाला. त्यानं पिशवीतून औषधाची रिकामी बाटली काढली, पाणी ओतलं, वर धडपा बांधला. इतक्या गावांत त्याच्याकडं पुरावा मागणारी ही पहिली बाई होती. बाकी सगळ्यांनी नुसती शिवी दिली होती.

तो गेला आणि सारजाबाईचं लक्ष सुनेकडं गेलं. बानाबाई रांजणाजवळच्या गार कोपऱ्यात बसली होती, जिथं सासूनंच तिला बसवलं होतं, आणि एका पायानं दुसऱ्या पायाचा घोटा खाजवत होती.

"उठ," सारजाबाई म्हणाली. "ऊठ म्हन्ते ना! भाईर उनात बस. पायावर घोंगडी घे."

"उकडतंय, आत्याबाई."

"उकडू दे."

बाटली तिनं कोनाड्यात ठेवली. रोज रानात जाताना बघायची आणि रानातून आल्यावर बघायची. दुसऱ्या दिवशी किडे आखडून गोल झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर फोलपटं तरंगत होती आणि धडप्याच्या आतल्या बाजूला पाच मच्छर बसले होते. तिनं बाटली उन्हात धरली. पायांवर पांढरे पट्टे होते.

ती तशीच बाटली घेऊन मुंजाबापाशी गेली. त्याचा ताप उतरला होता, पण गुडघे अजून वळत नव्हते.

"बघा."

"नाय बघायचं मला."

"आवं, आपल्याच रांजणातलं हाय. मी येवढं बानाला जपतीय आन तिच्या उशाशी ह्ये..."

"सारजे." मुंजाबानं डोळे मिटून घेतले. "येकडाव झालं तेवढं बास झालं. मी हुतो का तवा? नव्हतो. आता हाय. माझ्या देखत ह्या घरात रांजण पालथा व्हनार नाय."

सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते तोंडातून काढलं होतं. सारजाबाईला राग आला. दोघं एकाच पोरीसाठी एकमेकांच्या आडवे उभे होते, आणि त्याच्या भीतीला नावं ठेवावीत असं तिला वाटेना, कारण ती भीती तिच्याही पोटात होती.

बरं, नवऱ्याची नजर चुकवून तिनं आपला रांजण ओतलाही असता. पण गल्लीत अकरा घरं, भिंतीला भिंत लागलेली, आणि प्रत्येक घरात एक रांजण. तिच्या घरातले संपले तर साळूबाईच्या घरातले येणार. तिनं साळूबाईला बाटली दाखवली. साळूबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले, जणू बाटली बोलत होती. काकासाहेब भावकीतले वडीलधारे, त्यांच्याकडं गेली तर ते म्हणाले, "वहिनी, भावकीत मानूस गेल्याबिगर भावकीचं पानी वतत नाय. तुमाला आमी सांगावं का?" बाई उन्हातान्हात दारोदार फिरली आणि प्रत्येक दारातून हात हलवत परत आली. सूनबाई उन्हात घोंगडीखाली घामाघूम होऊन बसली होती, आणि अजून तिला ताप नव्हता. अजून, एवढंच.

सोमवारी ती बाजरीत होती. शेवटचं एक पांड उभं राहिलं होतं. बांधाजवळ बुजगावणं होतं, त्याच्या अंगावर तिच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा. दोन हात पसरून उभ्या असलेल्या त्या बुजगावण्याच्या डोक्यावर एक कावळा येऊन बसला आणि निवांत चोच घासू लागला. सारजाबाईनं गोफणीत दगड घातला, आणि फिरवायची थांबली.

माणसाच्या डोक्यावर कावळा बसला तर त्याचं मरण जवळ आलं, असं सगळी भावकी मानत होती. ते टाळायची रीतही सगळ्यांना ठाऊक होती. त्या माणसानं लपून बसायचं, आणि तो मेल्याचा खोटा निरोप भावकीत धाडायचा. लोकांनी खरं समजून रडायचं, मेल्यावर जे करतात ते करायचं. मरण फसतं, फिटतं आणि परत जातं. निरोप खोटा होता म्हणून नंतर कुणी रागवायचं नाही, उलट त्या माणसाचं आयुष्य वाढलं म्हणून गूळ वाटायचा.

मेल्यावर जे करतात त्यात पहिलं काय करतात? घरातलं पाणी ओतून देतात.

सारजाबाई बांधावर बसली आणि एकटीच हसली. मग विळा खोचून घरी गेली, चेहरा शक्य तितका उतरवून मुंजाबापुढं उभी राहिली.

"कावळा बसला."

मुंजाबा ताडकन उठून बसला, गुडघ्यांची आठवणही न ठेवता. "कुटं?"

"लुगड्यावर." हे खोटं नव्हतं. लुगडं तिचंच होतं.

"डोक्यावर?"

"डोक्यावर. चोच बी घासली."

म्हाताऱ्याच्या तोंडाचं पाणी पळालं. "मंग हितं काय हुबी ऱ्हायलीस? उद्या तांबडं फुटायला रानात जा आन पेंढ्यांमागं बस. सांडूला मी निरोप घेऊन धाडतो." सांडू गावचे निरोप पोचवी, आणि त्याचा चेहरा जन्मजातच दुःखी होता. या कामाला त्याच्याइतका योग्य माणूस पंचक्रोशीत नव्हता.

मंगळवारी सकाळी सारजाबाई पेंढ्यांच्या आडोशाला बसून आपलं मरण ऐकत होती. रान गल्लीला लागून होतं. सांडूनं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण साळूबाईनं जो गळा काढला तो जालन्याच्या सडकेवरच्या गाडीवानांनीही ऐकला असेल. "माज्या बाई गं, तुज्यासारखी ताकदीची बाई नाय गं... येका हातानं भरली घागर उचलायचीस गं... मी तुझी पाटी नेली ती अजून दिली नाय गं..." पाटी हरवली म्हणून सारजाबाईनं दोन वर्षं उंदरांना शिव्या दिल्या होत्या. तिला हसू आवरेना, तिनं पदर तोंडात कोंबला. मग काकासाहेबांचा घोगरा आवाज आला, "चांगलं मानूस गेलं," आणि तेवढ्यानं मात्र तिचे डोळे भरले. जिवंतपणी तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग पाणी ओतल्याचा आवाज आला. पहिल्यांदा साळूबाईचं. मग पलीकडच्या घराचं. ती बोटांवर मोजत होती. सात, आठ, नऊ. दहावं तिच्या स्वतःच्या घरचं, मुंजाबानं मेहनतीनं ओतलेलं, कारण रीत ती रीत. अकरावं येईना. काकासाहेबांचा रांजण सगळ्यात मोठा होता आणि अर्धा जमिनीत पुरलेला. दिवस कासराभर वर आला तेव्हा तिथून भांड्यानं पाणी उपसल्याचा आवाज येऊ लागला, आणि तो बराच वेळ येत राहिला. सारजाबाईनं गुडघ्यावर डोकं टेकलं.

ती गल्लीत चालत गेली तेव्हा बायकांनी आधी किंकाळी फोडली, मग कावळ्याचं कळल्यावर तिला धपाटे घातले. साळूबाईनं पाटी आणून आदळली. गुळाचा खडा हातात घेऊन सारजाबाई सगळ्या बायकांना रामकिसनच्या ओट्यावर घेऊन बसली, बाटली मधे ठेवली आणि कोणता कावळा कुठल्या लुगड्यावर बसला ते खरंखरं सांगितलं.

मग रामकिसनची बायको, जिची दोन लेकरं तापात होती, बाटली हातात घेऊन म्हणाली, "ह्ये पट्ट्याचे मी रोज बघते. दुपारी पोरांच्या पायावर."

"आता रांजण रिकामेच हायती," सारजाबाई म्हणाली. "भरायच्या आधी आतून राखंनं घासा. पालथे घाला उनात. येवढं करा."

घासायला तिनं सुरुवात केली आपल्या रांजणापासून. खांद्यापर्यंत हात आत, राख नाकातोंडात, काथ्या फिरवून फिरवून तळवा सोलला. मग विहिरीवरून चौदा घागरी. आठवडाभर बाजरी खुडलेल्या हातांनी चौदा घागरी. साळूबाई तिच्या मागून आपल्या घागरी आणत होती आणि बडबडत होती, "मेलीस ती बरी हुतीस, जित्ती होऊन लई काम लावलंस."

"आन आठ दिवसांनी?" तिनं मग विचारलं.

"आठ दिवसांनी पुन्ना."

"पुन्ना कावळा तुझ्याच डोक्यावर बसला तर मानसं वळखतील."

"मंग तुझ्या डोक्यावर बसू दे."

पुढच्या मंगळवारी साळूबाईवर कावळा बसला. त्याच्या पुढच्या मंगळवारी रामकिसनच्या बायकोवर. बायका आळीपाळीनं मरत होत्या, पुरुष रडत होते आणि पाणी ओतत होते. काकासाहेब आपला पुरलेला रांजण उपसून उपसून बेजार झाले. मोहियोद्दीन फेरीला आला, त्यानं अकराच्या अकरा घरांत पळी फिरवली आणि थाळीत एकही किडा दिसेना तेव्हा सायकलवरच बसून राहिला.

"माय, काय जादू केली?"

"काय नाय, जमादारसाहेब. आमच्या गल्लीतल्या बाया जरा जास्त मरायल्यात."

तो सगळं ऐकून इतका हसला की त्याला उचकी लागली. मग त्यानं विचारलं, "सून?"

"अजून हाय नीट." दृष्ट लागू नये म्हणून तिनं कडाकडा बोटं मोडली. "आबेदाबाई?"

"उठली. काल रोट्या केल्या." तो थांबून म्हणाला, "हौदाची चावी मात्र मीच ठेवली."

गल्लीतला ताप हळूहळू उतरला. भिकन उठला, बाजरीची मळणी त्यानं केली. नवं माणूस कुणी पडलं नाही. बानाबाई उन्हात बसून बसून काळवंडली, पण तिच्या अंगाला कधी कढ आला नाही. सारजाबाई रोज सकाळी तिच्या कपाळावर हात ठेवायची, आणि हात काढायला उशीर करायची.

मुंजाबाला काय कळलं होतं आणि काय नाही, सांगता येत नव्हतं. एकदा भाकरी खाताना म्हणाला, "ह्या कावळ्यांना मंगळवारच कसा घावतो?" सारजाबाईनं त्याच्या ताटात ठेचा वाढला आणि ऐकलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या एका दुपारी ती रानातून लवकर आली तर तो कोनाड्याजवळ उभा होता, बाटली उन्हात धरून, एक डोळा मिटून आत बघत. तिला पाहताच त्यानं बाटली जागेवर ठेवली आणि तंबाखू शोधत असल्याचं सोंग केलं.

पाचव्या मंगळवारी पहाटे बानाबाईला कळा सुरू झाल्या. सुईण आली, दार लोटलं गेलं. सारजाबाई आत होती, सोळा वर्षांमागची ती सकाळ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि ती सुनेला सारखी म्हणत होती, "माझा हात मोडला तरी चालंल, दाब." बानाबाईनं खरंच दाबला. दिवस वर यायच्या आत पोर रडलं. पोरगी. काळीसावळी, मुठी आवळलेली, आणि आवाज थेट साळूबाईवर गेलेला. सारजाबाईला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं.

बाहेर बायका जमल्या होत्या. आनंद झालाच, पण एक अडचणही होती. त्या मंगळवारी मरायची पाळी रामकिसनच्या म्हाताऱ्या आईची होती. साळूबाई दाराशी येऊन कुजबुजली, "आता कसं करायचं? लेकरू जलमलं त्या दिवशी भावकीत रडारड कशी करायची? आन आज वतलं नाय तर पुन्ना वळवळे होत्याल."

"ऱ्हाऊ दे आज," सारजाबाई थकून म्हणाली. "उद्या बघू."

मुंजाबा ओट्यावर बसला होता. त्यानं हे ऐकलं. तो भिंत न धरता उठला, आत गेला, रांजणाचं झाकण काढून भिंतीला टेकवलं. मग रांजण कवेत घेऊन त्यानं तो बुडावर घोळवत उंबऱ्यापर्यंत नेला. म्हातारा घामाला आला. भिकन मदतीला धावला तर त्याला त्यानं मानेनंच मागं सारलं. उंबऱ्यावर रांजण टेकवून त्यानं तो पूर्ण कलंडवला. पाणी भसकन अंगणात पसरलं, गल्लीत उतरलं, उतारानं साळूबाईच्या ओट्यापर्यंत गेलं. रांजण त्यानं सगळ्यांच्या देखत उन्हात पालथा घातला.

गल्लीत पाणी दिसताच पलीकडून काकासाहेब अनवाणी धावत आले. "कोन गेलं? मुंजाबा, कोन गेलं रं?"

"गेलं कुनी नाय," मुंजाबा म्हणाला. "आमच्यात आलंय. तुमचा बी वता."